डफावरचे वर्तमानपत्र : अण्णा भाऊ साठे यांची शाहिरी आणि वार्तालेखन

अण्णा भाऊ साठे (१ ऑगस्ट १९२० – १८ जुलै १९६९) हे मराठीतील शाहीर, लोकनाट्यकार, कथाकार आणि कादंबरीकार. कम्युनिस्ट पक्षाच्या ‘लोकयुद्ध’ या साप्ताहिकाचे वार्ताहर म्हणूनही त्यांनी काम केले. आयुष्यातली वीसेक वर्षे त्यांनी घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत काढली. हा भाग आज मुंबई उपनगर जिल्ह्याच्या कुर्ला तालुक्यात मोडतो. त्यांच्या कादंबऱ्यांवर भरपूर लिहिले गेले आहे. त्यांची शाहिरी आणि त्यांची पत्रकारिता मात्र बहुधा वेगवेगळी मांडली जाते. प्रत्यक्षात ती दोन्ही एकाच कामाची अंगे होती. ज्या श्रोत्याला छापील ओळ वाचता येत नव्हती, त्याच्यापर्यंत जगाची बातमी पोहोचवणे आणि त्याची बातमी जगापर्यंत नेणे, हे ते काम.

या कामाची मुळे पोवाड्याच्या परंपरेतच आहेत. पोवाडा हा सुरुवातीपासून ताज्या घटनेचे कवन राहिला आहे. अफझलखानाच्या वधावरचा अगिनदासाचा पोवाडा आणि सिंहगडावरचा तुळशीदासाचा पोवाडा हे शिवकालाचे मानले जातात. पेशवाईच्या उत्तरार्धात अनंत फंदी, रामजोशी, प्रभाकर, होनाजी बाळा यांच्यापैकी अनेकांनी लढाया, दुष्काळ आणि कारभाऱ्यांचे उदयास्त गायले. १८६९ साली जोतीराव फुले यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला आणि शूद्र-अतिशूद्रांच्या बाजूने इतिहास सांगण्यासाठी हा प्रकार वापरला. पुढे सत्यशोधक जलसे आणि आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले. मराठी पत्रकारिता ‘दर्पण’पासून म्हणजे १८३२ पासून मोजली जाते. मात्र १९५१ च्या जनगणनेतही देशातील साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती. वर्तमानपत्राच्या वर्तुळाबाहेर राहिलेल्या या प्रचंड समाजाला शाहीर हाच बातमीदार होता.

अण्णा भाऊंचे मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. जन्म वाटेगावचा. वाळवे तालुक्यातले हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आता ते सांगली जिल्ह्यात आहे. याच तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव लावणीचे सम्राट म्हणून गाजले होते, त्यामुळे ढोलकी, तुणतुणे आणि वग हा या मुलखाच्या हवेचाच भाग होता. मांग समाजाच्या वाट्याला अस्पृश्यता तर होतीच. शिवाय गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली रोज हजेरी देण्याची सक्तीही होती. या हजेरीचे वर्णन पुढे ‘फकिरा’ कादंबरीत आले आहे. शाळेत अण्णा भाऊ जेमतेम दीड दिवस गेले. गुरुजींच्या मारामुळे शाळा सुटली ती कायमची. दांडपट्टा, तमाशा आणि चुलतभावाचा फड हे मग त्यांचे शिक्षण झाले.

१९३१-३२ च्या सुमारास भाऊराव साठे कुटुंबासह मुंबईला निघाले. गाडीभाड्याला पैसे नव्हते. वाटेत मिळेल ते काम करत हे कुटुंब पायी मुंबईत पोहोचले आणि भायखळ्याला राहू लागले. अकरा-बारा वर्षांच्या तुकारामाने हमाली केली, फेरीवाल्याच्या कापडाचे ओझे वाहिले, घरगडी म्हणून राबला आणि पुढे गिरणीत लागला. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे पाहून, अक्षराला अक्षर जोडत तो वाचायला शिकला. पुढे पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाची लेखणी अशी रस्त्यावर घडली.

१९३०च्या दशकातली कामगारांची मुंबई परळ-लालबागपुरती उरली नव्हती. तिची एक शाखा रेल्वेच्या रुळांबरोबर उत्तरेकडे सरकत होती. कुर्ल्याला जमशेटजी टाटा यांनी १८८६ साली धरमसी मिल विकत घेऊन स्वदेशी मिल उभी केली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेची लोकल व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी धावली. गिरणी, रेल्वे आणि पुढे मोटारींचे व धातूंचे कारखाने यांमुळे शीव ते मुलुंड हा पट्टा घाटावरच्या आणि कोकणातल्या कष्टकऱ्यांनी भरून गेला. हाच अण्णा भाऊंचा पहिला वाचकवर्ग. खरे तर श्रोतृवर्ग.

माटुंग्याचा लेबर कॅम्प ही त्यांची राजकीय शाळा. तिथे आर. बी. मोरे यांच्यासारखे कार्यकर्ते भेटले आणि अण्णा भाऊ कम्युनिस्ट पक्षाच्या कामाला लागले. सभांच्या आधी गर्दी जमवण्यासाठी गाणी लागत, ती ते रचू लागले. लेबर कॅम्पातल्या डासांवरचे कवन ही त्यांच्या आरंभीच्या रचनांपैकी एक. विषय साधा दिसतो. पण गटारे तुंबलेली, पाणी साचलेले, रात्रभर झोप नाही आणि सकाळी पाळीवर हजर राहायचे, ही त्या वस्तीची रोजची बातमी होती आणि कोणत्याही वर्तमानपत्राला ती छापण्याजोगी वाटत नव्हती. आपल्या माणसांच्या अनुभवाला बातमीचे मोल देण्याची अण्णा भाऊंची दृष्टी इथेच दिसते.

१९४२ साली कम्युनिस्ट पक्षावरची बंदी उठली आणि पक्षाची साप्ताहिके उघडपणे निघू लागली. मराठीतले साप्ताहिक म्हणजे ‘लोकयुद्ध’. त्यासाठी वार्ताहराचे काम करताना अण्णा भाऊंना संप, सभा, उपासमार, पोलिसी जुलूम यांच्या नोंदी ठेवण्याची सवय लागली. तारखा, ठिकाणे, मृतांची नावे, मागण्या हा वार्ताहराचा कच्चा माल. तो छापील बातमीत जसा गेला, तसाच त्यांच्या पोवाड्यांतही उतरला.

‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ हे याचे ठळक उदाहरण. ऑगस्ट १९४२ मध्ये सुरू झालेली स्टालिनग्राडची लढाई २ फेब्रुवारी १९४३ रोजी जर्मन फौजेच्या शरणागतीने संपली. व्होल्गाकाठच्या त्या शहरात घराघरातून झालेल्या लढाईच्या वार्ता मुंबईत तारांवरून येत आणि इंग्रजी-मराठी पत्रांत छापल्या जात. अण्णा भाऊंनी त्या वार्ता घेऊन पोवाड्याच्या चौकांत बसवल्या. गनीम, वेढा, मोर्चे, झुंज हा मराठी श्रोत्याच्या ओळखीचा शब्दसंसार. त्यात रशियन कामगार आणि लाल सैनिक आले, आणि कधी न पाहिलेल्या शहराची लढाई लेबर कॅम्पाला आपली वाटली. या पोवाड्याने अण्णा भाऊंचे नाव झाले. पुढे त्याचा रशियन अनुवादही झाला.

१९४४ च्या सुमारास अण्णा भाऊ, अमर शेख आणि दत्ता गवाणकर यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले. बार्शीचे अमर शेख यांचा आवाज हजारोंच्या सभेला ध्वनिक्षेपकाशिवाय पुरे. गवाणकर स्वतः शाहीर आणि कसलेले नट. अण्णा भाऊ मुख्यतः लिहीत आणि वेळप्रसंगी गात, नाचत, सोंगही वठवत. संध्याकाळची पाळी सुटली की चाळीच्या पटांगणात दोन-चार फळ्यांचे व्यासपीठ होई आणि गॅसची बत्ती टांगली जाई. डफावर थाप पडली की बायका-मुले पुढे सरकून बसत. मुख्य शाहीर उंच स्वरात चौक गाई, मागचे झीलकरी तुणतुण्याच्या साथीने ‘जी जी’ करत झील धरत. मग गाणे थांबवून शाहीर दोन-चार वाक्ये गद्यात बोले. काय घडले, कुठे घडले, कोण मेले, कुणी गोळी घातली, हे सारे त्यात येई. पुन्हा डफ घुमे. गद्याने माहिती पोहोचे, पद्याने ती स्मरणात राही. ज्याला वाचता येत नव्हते तोही दुसऱ्या दिवशी खात्यावर त्या ओळी गुणगुणत असे आणि बातमी पुढे जात असे.

या काळातल्या रचनांची नावे पाहिली तरी दशकाचा इतिहास डोळ्यांसमोर येतो. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली, त्यावर ‘बंगालची हाक’. महायुद्धाच्या टंचाईत धान्य-कापड दडवणाऱ्यांवर काळ्या बाजाराचा पोवाडा. १९४६ साली अमळनेरला गिरणी कामगारांवर गोळीबार झाला, त्यावर ‘अमळनेरचे अमर हुतात्मे’. फाळणीच्या कत्तलींवर ‘पंजाब-दिल्लीचा दंगा’. निजामाच्या राज्यात शेतकऱ्यांनी जमीनदारांविरुद्ध शस्त्र उचलले, त्यावर ‘तेलंगणाचा संग्राम’. दंग्यावरच्या पोवाड्यात हिंदू-मुसलमान दोन्हीकडच्या मेलेल्यांचे दुःख आहे. महाराष्ट्राच्या गावांतून तो अमर शेख यांच्यासारख्या मुसलमान शाहिराच्या आवाजात गायला गेला, या गोष्टीचे मोल त्या काळाच्या संदर्भात फार मोठे आहे.

पोवाड्याबरोबर अण्णा भाऊंनी तमाशाचाही कायापालट केला. पारंपरिक तमाशा गणेशवंदनेच्या गणाने सुरू होतो. त्यानंतर मावशी आणि कृष्णाच्या चेष्टेची गौळण येते, मग बतावणी आणि शेवटी वग. अण्णा भाऊंच्या गणात धरतीला, श्रमाला आणि हुतात्म्यांना वंदन असे. गौळण त्यांनी वगळली. राजाराणीच्या वगाच्या जागी सावकार, काळाबाजारवाले, पुढारी, शेतकरी आणि कामगार आणले. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजीचे इलेक्शन’, ‘बेकायदेशीर’, ‘पुढारी मिळाला’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’, ‘देशभक्त घोटाळे’ ही नावेच विषय सांगतात. सोंगाड्या हे पात्र त्यांनी राखले, कारण सत्ताधाऱ्याला तोंडावर प्रश्न विचारण्याचा परवाना तमाशात फक्त त्यालाच असतो. स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली. गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे होते. लाल बावटा पथकाच्या कार्यक्रमांवरही निर्बंध आले. त्यानंतर हे खेळ लोकनाट्य म्हणून होऊ लागले आणि तोच शब्द मराठी रंगभूमीवर रूढ झाला. भारतीय जननाट्य संघाने, म्हणजे ‘इप्टा’ने, अण्णा भाऊंना अध्यक्षपद देऊन या कामगिरीची देशपातळीवर दखल घेतली.

अण्णा भाऊंचे बहुतेक गद्य लेखन चिरागनगरच्या झोपडीत झाले. शीव-कुर्ल्याहून घाटकोपर, मुलुंडकडे जाणाऱ्या जुन्या आग्रा रोडच्या, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या, परिसरातली ही वस्ती. १९५० साली कुर्ला-घाटकोपरचा पट्टा मुंबई महापालिकेच्या हद्दीत आला, तरी झोपडपट्ट्यांना नळ, संडास आणि दिवे मिळायला पुढे अनेक वर्षे लागली. पत्र्याच्या आणि गोणपाटाच्या भिंती, पावसाळ्यात आत येणारे पाणी, दारूच्या भट्ट्या, पोलिसांचे छापे, कामाच्या शोधात रोज शहराकडे जाणारी माणसे यांच्यात बसून हा लेखक लिहीत होता. ‘चिरागनगरची भुतं’ या कथासंग्रहाचे नावच त्यांनी वस्तीवरून घेतले. मराठी कथेत तोवर मुंबई म्हणजे गिरगाव, दादर आणि चाळीतला कारकून. उपनगरातली झोपडपट्टी आतून दाखवणारे अण्णा भाऊ हे पहिल्या काही लेखकांपैकी होत.

त्यांच्या कथेत वार्ताहराची नजर जागोजाग दिसते. ‘स्मशानातील सोनं’ ही कथा घ्यावी. वारणेच्या खोऱ्यातून आलेला भीमा मुंबईच्या उपनगरालगतच्या दगडखाणीत काम करतो. खाण बंद पडते. घरी बायको आणि लाडकी लेक. नदीकाठी चितेच्या राखेत त्याला सोन्याचा कण सापडतो आणि तो रात्री मढी उकरू लागतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि ती गमवावी लागतात. बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाल्याचे त्याला त्यानंतर कळते. लेखक भीमावर नीतीचा शिक्का मारत नाही. काम गेल्यावर धडधाकट माणसाचे काय होते, एवढेच तो टप्प्याटप्प्याने दाखवतो. पवई-चांदिवलीच्या बाजूला खाणी होत्या आणि अशी माणसे आसपास राहत होती. कथा कल्पित आहे, तिची जमीन प्रत्यक्षातली आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची लेखणी सर्वांत दूरवर पोहोचली. ऑक्टोबर १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याच्या घोषणेनंतर पुन्हा रक्त सांडले. लढ्यातल्या हुतात्म्यांची संख्या शंभरावर गेली. या काळात ‘माझी मुंबई’ हे लोकनाट्य आणि ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड महाराष्ट्रभर गाजली. मुंबई कोणाची, भांडवल घालणाऱ्याची की घाम गाळणाऱ्याची, हा त्या लोकनाट्यातला वाद आहे. पठ्ठे बापूरावांनी लावणीतून मुंबईचे वैभव गायले होते. अण्णा भाऊंच्या ‘मुंबईची लावणी’त मलबार हिलच्या माड्यांशेजारी परळची उपासमार येते.

‘माझी मैना’ची बांधणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. सुरुवातीला ती साध्या विरहाची छक्कड वाटते. पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतो, तिच्या रूपाचे, अंगावरच्या दागिन्यांचे, निरोपाच्या क्षणाचे वर्णन करतो. पटांगणात बसलेल्या जवळजवळ प्रत्येक कामगाराची बायको गावीच होती, म्हणून गाणे पहिल्या कडव्यातच त्याचे होऊन जाई. पुढे मुंबईतली बेकारी येते, मग चळवळ येते, आणि मग कळते की ताटातूट फक्त एका जोडप्याची नाही. बेळगाव, निपाणी, कारवार, गोवा महाराष्ट्रापासून दूर राहिले आहेत, हे दुःख त्याच विरहाच्या भाषेत उमटते. राज्य पुनर्रचनेचा किचकट प्रश्न, ज्यावर वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने खर्ची पडत होते, तो एका छक्कडीने गिरणगावातल्या आणि उपनगरातल्या शेवटच्या माणसाला समजावला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. सीमाभाग बाहेर राहिला आणि म्हणून ही रचना आजही तिथल्या सभांतून गायली जाते.

२ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्‌घाटन अण्णा भाऊंनी केले. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर उभी नसून ती कष्टकरी दलितांच्या तळहातावर तोललेली आहे, हा त्यांचा विचार याच भाषणातला. १९५९ साली ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अर्पण केलेल्या या कादंबरीला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. मार्क्सवाद आणि आंबेडकरी विचार यांपैकी एकच निवडण्याचा आग्रह दोन्ही बाजूंनी होत असताना, पोट आणि प्रतिष्ठा हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाचे आहेत, ही भूमिका त्यांनी सोडली नाही.

१९६१ साली त्यांना सोव्हिएत रशियाला जाण्याची संधी मिळाली. प्रवासखर्चासाठी लोकांनी वर्गणी काढली. या प्रवासावरचे ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक म्हणजे त्यांच्यातल्या वार्ताहराचे सर्वांत मोकळे लेखन. रस्ते, कारखाने, हॉटेलातले कर्मचारी, मुले, मजुराला मिळणारी वागणूक हे सारे त्यांनी झोपडपट्टीतून आलेल्या माणसाच्या कुतूहलाने टिपले. मराठी प्रवासवर्णन तोवर बहुतांशी सुशिक्षित पाहुण्याचे होते. या पुस्तकाने त्यात श्रमिकाचा डोळा आणला.

कथाकादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. ‘वैजयंता’, ‘आवडी’वरून ‘टिळा लावते मी रक्ताचा’, ‘माकडीचा माळ’वरून ‘डोंगरची मैना’, ‘वारणेचा वाघ’, ‘फकिरा’ हे त्यांतले प्रमुख. पण लेखकाच्या हाती पैसा राहिला नाही. पुस्तकांचे हक्क अल्प रकमेत गेले. १९६८ साली शासनाकडून गोरेगावच्या सिद्धार्थनगरात घर मिळाले आणि चिरागनगर सुटले. प्रकृती खालावलेली होती. पुढच्याच वर्षी, १८ जुलै १९६९ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा आवाज ठरलेली तीन माणसे त्या एका पावसाळ्यात गेली. १३ जूनला ‘मराठा’चे संपादक आचार्य अत्रे, १८ जुलैला अण्णा भाऊ आणि २९ ऑगस्टला अपघातात अमर शेख.

मरणोत्तर मानसन्मान बरेच झाले. १९८५ साली त्यांच्या नावाने विकास महामंडळ स्थापन झाले. २००२ साली टपाल तिकीट निघाले. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसवण्यात आला. विद्यापीठांतून ‘फकिरा’वर प्रबंध होतात. पत्रकारितेच्या इतिहासात मात्र त्यांचे नाव क्वचितच येते. ‘दर्पण’पासून ‘केसरी’पर्यंत आणि ‘दीनबंधू’पासून ‘मराठा’पर्यंतचा आपला इतिहास छापील कागदाचा आहे. १९४३ ते १९६० या काळात मुंबईतल्या कामगाराला दुष्काळ, युद्ध, दंगा, संप आणि राज्याची मागणी यांचा अर्थ ज्याने सांगितला, त्याच्या रचनांना त्या इतिहासात स्थान मिळायला हवे. अभ्यासकांनी अण्णा भाऊंचे पोवाडे त्या त्या दिवसांच्या वर्तमानपत्रांशेजारी ठेवून वाचावेत. कागदाने काय टिपले आणि काय सोडले, हे तेव्हा स्पष्ट दिसेल.